खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं शेवाळ: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

टँक बसवून दोन-तीन महिने होतात, क्लाउनफिश रुळतात, आणि मग दगडांवर हिरवं, तपकिरी किंवा लाल काहीतरी पसरायला लागतं. तिथून पुढे प्रश्न सुरू होतात. खालची उत्तरं नाशिकचं पाणी, इथली हवा आणि इथे हाताशी मिळणाऱ्या वस्तू धरून लिहिली आहेत. माझं म्हणणं एकच आहे: शेवाळ मारायच्या मागे लागण्याआधी त्याला कोण जेवू घालतंय ते शोधा. टँकमध्ये रोज किती जातं आणि त्यातलं किती बाहेर पडतं, हा हिशेब जुळला नाही तर कुठलीही बाटली कामाला येत नाही.

नवीन टँकमध्ये सगळीकडे तपकिरी थर आलाय. काही चुकलं का?

नाही. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नव्या टँकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून येतात, पाण्यातल्या आणि नव्या वाळूतल्या सिलिकेटवर जगतात आणि ते संपलं की आपोआप ओसरतात. काच पुसा, बाकी हात लावू नका. तीन महिन्यांनंतरही जात नसतील तर तुमच्या आरओच्या पाण्यातून सिलिकेट येतंय असं समजा.

आपल्याकडे नेमकं कोणतं शेवाळ आहे, हे कसं ओळखायचं?

रंगावर जाऊ नका, पोत बघा.

लाल-जांभळी किंवा गर्द हिरवी चादर, पाइपने ओढली की पापुद्र्यांसारखी सोलून निघणारी, वास घेतला तर कुबट: हा सायनोबॅक्टेरिया. याला सगळे शेवाळ म्हणतात, पण हे जिवाणू आहेत, आणि यातले काही हवेतून मुरलेला नायट्रोजन वापरू शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शिल्लक (ही दोन्ही शेवाळाची खतं) अशा टँकमध्ये हे हमखास दिसतात. हिरवे लांब केस म्हणजे हेअर अल्गी. त्याच केसांना जवळून बघितल्यावर नेच्याच्या पानासारख्या दोन्ही बाजूंनी फांद्या दिसल्या तर ते ब्रायॉप्सिस, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. चकचकीत, टणक हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया, ज्याला सगळे बबल अल्गी म्हणतात.

राहिले डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव, म्हणजे डायनो. तपकिरी, शेंबडासारख्या चिकट तारा, टोकांना हवेचे बुडबुडे. सकाळी लाइट लागण्याआधी टँक बऱ्यापैकी स्वच्छ वाटतो आणि दुपारपर्यंत पुन्हा सगळं माखलेलं असतं. डायटम की डायनो अशी शंका असेल तर घरी एक चाचणी करता येते. पिपेटने त्या तारांचा थोडा गोळा आणि टँकचंच पाणी झाकणाच्या बाटलीत घ्या, जोरात हलवा आणि कॉफी फिल्टर किंवा जाड टिश्यूपेपरमधून गाळा. गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात लाइटखाली तासभर ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा तपकिरी तारा जमून आल्या तर डायनो नक्की. खात्रीसाठी ओळखीच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या लॅबमधला सूक्ष्मदर्शक गाठा. ४०० पट मोठं करून बघितलं की जातही कळते, आणि पुढचा इलाज त्या जातीवर ठरतो.

टेस्ट किट नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवतंय. मग हे हिरवं रान कशावर वाढतंय?

टेस्ट किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळाने आधीच खाऊन स्वतःच्या अंगात साठवलेलं त्याला दिसत नाही. दगड हिरवेगार आणि आकडा शून्य, याचा अर्थ शेवाळ तुमच्या फिल्टरपेक्षा वेगाने काम करतंय. शिवाय रंग जुळवून बघायच्या किटमध्ये फॉस्फेटचा ०.०३ आणि ०.१ यांतला फरक डोळ्यांना धड कळत नाही. डिजिटल कलरीमीटर (रंग मोजून आकडा दाखवणारं यंत्र) परवडत असेल तर या एकाच टेस्टसाठी तो घ्यावा, इतकं त्याचं महत्त्व आहे.

मग आकडे किती असावेत? शून्य सगळ्यात चांगलं ना?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो. कोरलनाही (प्रवाळांनाही) नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. मिश्र रीफसाठी, म्हणजे वेगवेगळे कोरल असलेल्या टँकसाठी, नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही सुखाची पट्टी. नुसते मासे ठेवलेत तर नायट्रेट २० ते ३० गेलं तरी मासे तक्रार करत नाहीत. दोन्ही आकडे रेटून शून्यावर नेले की कोरल फिके पडतात आणि मोकळ्या जागेवर डायनो बसतात. हेअर अल्गी हाताने उपटता येते. डायनो नाही.

नळाचं पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन उडवलं तर चालत नाही का?

गोड्या पाण्याच्या माशांना चालेल, रीफला नाही. शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं. पिण्यासाठी ते चांगलं आहे, पण पिण्याचं पाणी आणि रीफचं पाणी या वेगळ्या गोष्टी. आपली सगळी जमीन काळ्या पाषाणाची, त्यामुळे पाण्यात सिलिकेट असतं. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की नळालाही गढूळपणा जाणवतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या द्राक्षपट्ट्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर खतांमुळे त्यात नायट्रेट असू शकतं. आधी तेच पाणी टेस्ट करा. अनेकदा टँकमधल्या नायट्रेटचं उगमस्थान तिथेच सापडतं.

खरा घोळ टॉप-अपमध्ये, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढण्यात, होतो. उडतं ते फक्त पाणी, मीठ आणि क्षार मागे राहतात. मार्च ते मे नाशिकची हवा इतकी कोरडी असते की मध्यम टँकमधूनही रोज काही लिटर पाणी उडून जातं. ते नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर प्रत्येक तांब्याबरोबर सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट टँकमध्ये जमा होत राहतं. वॉटर चेंजला आरओचं पाणी आणि टॉप-अपला नळाचं, असं करणारे बरेच आहेत आणि शेवाळ का जात नाही हे त्यांना कळत नाही.

स्वयंपाकघरातला आरओ वापरला तर?

तात्पुरता चालेल, दोन अटींवर. बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. त्यातून थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं शुद्ध पाण्यात परत मिसळतात. तंत्रज्ञाकडून ते बंद करून घ्या किंवा मेम्ब्रेनच्या (आरओच्या मुख्य पडद्याच्या) लगेच पुढून वेगळी नळी काढा. दुसरी अट, त्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) भांडं लावा, कारण सिलिकेट आणि नायट्रेट मेम्ब्रेनमधूनही थोडं निसटतं. टीडीएस मीटरवर शून्य हवं. एक-दोन दिसायला लागलं की रेझिन बदला, दहाची वाट बघू नका.

पावसाळ्यात पहिलं सेडिमेंट कार्ट्रिज लवकर तपकिरी होतं, ते वेळापत्रक न बघता बदला. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की त्याची किंमत कळते.

खडे मीठ किंवा समुद्राचं पाणी आणून काम भागेल?

खडे मीठ नाही. मिठागरात मीठ धरताना मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे मागच्या पाण्यात राहून जातं आणि हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. मरीन सॉल्टच घ्या, घनता १.०२५ ते १.०२६ ठेवा. समुद्राचं पाणी म्हणाल, तर आपल्याला किनारा दीडशे किलोमीटरवर, आणि मुंबईच्या आसपासच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं. जे कमी करायचंय तेच कॅन भरून आणण्यात अर्थ नाही.

समुद्रावर गेलातच तर तिथून कोरलचा तुकडाही उचलू नका. दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

खाणं किती द्यायचं? जवळा चालतो का?

टँकमध्ये येणाऱ्या फॉस्फेटचा सर्वांत मोठा दरवाजा म्हणजे खाणं. मासे एक-दीड मिनिटात संपवतील एवढंच द्या, दिवसातून एक-दोनदा. पंप बंद करून दिलं तर ते ओव्हरफ्लोमधून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) वाहून जात नाही, फक्त पंप पुन्हा चालू करायला विसरू नका. फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमियाचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांचा) क्यूब थेट टाकू नका. गाळणीत ठेवून आरओच्या पाण्यात विरघळू द्या आणि खालचं गढूळ पाणी फेकून द्या. फॉस्फेटचा मोठा वाटा खाण्यातच असतो, त्यामुळे या धुण्याने चमत्कार होत नाही, पण फुकटची घाण जाते.

बाजारातला सुका जवळा टाळा. त्याची पूड पाण्यात पसरते, मासे अर्धी सोडून देतात आणि ती दगडांच्या फटीत कुजते. ताजी कोळंबी सोलून, धुऊन, बारीक चिरून, गोठवून ठेवली तर तीच कामाला येते.

दर आठवड्याला पाणी बदलतो, तरी फॉस्फेट खाली का येत नाही?

नायट्रेटचं गणित सरळ आहे. ६० पीपीएम असेल आणि दर वेळी २५ टक्के पाणी बदललं तर ४५, मग ३४, मग २५, चौथ्या वेळी १९. अर्थात मधल्या काळात नवीन भर पडली नाही तर. म्हणून पाणी बदलणं आणि खाणं आवरणं हे बरोबरच करावं लागतं.

फॉस्फेट असं वागत नाही. ते अ‍ॅरागोनाइटच्या (चुनखडीच्या) वाळूला आणि दगडांना चिकटून बसतं. पाण्यातलं कमी केलं की दगड आपल्याजवळचं सोडतात आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा होता तिथे. किराणा दुकानाच्या जुन्या उधारीसारखं आहे हे: आज रोख दिलं तरी मागची बाकी वहीत असतेच. वर्षभर खाणं भरपूर पडलेल्या टँकला ती बाकी फेडायला काही महिने लागतात. धीर सोडू नका आणि आकडा परत चढला म्हणून फॉस्फेट शोषणाऱ्या माध्यमाची मात्रा दुप्पट करू नका.

जीएफओ किंवा लँथॅनम वापरू का?

जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे, विश्वासाचं आहे. आरओच्या पाण्याने लाल गढूळपणा जाईपर्यंत धुवा, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट मोजा. एकदम खाली ओढलं तर कोरलला झटका बसतो. लँथॅनम क्लोराइड स्वस्त आणि जोरकस आहे, पण त्याने तयार होणारा पांढरा साका माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो, टँग जातीच्या माशांना विशेष. फॉस्फेट १ पीपीएमच्या वर गेलेलं असेल तरच, पाण्यात पातळ करून, ५ किंवा १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत) थेंबथेंब. नवख्या माणसाने यात पडू नये असं मला वाटतं.

स्किमर आणि रिफ्युजियम दोन्ही हवेत का?

जागा असेल तर हो. स्किमर फेसाबरोबर घाण कुजण्याआधी बाहेर काढतो, रिफ्युजियम, म्हणजे मुद्दाम शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, कुजल्यानंतर विरघळलेलं शोषतं. स्किमरच्या कपात हिरवट-काळं, चहाच्या डिकॉक्शनइतकं दाट पाणी यावं. फिकं येत असेल तर पाण्याची पातळी थोडी उतरवा. कपाची मान आतून आठवड्यातून दोनदा पुसा, तिथे चिकट थर बसला की फेस वर चढत नाही.

रिफ्युजियममध्ये कीटोमॉर्फा हे तारांच्या गोळ्यासारखं शेवाळ लावा. लाइट रात्री चालवलात तर पीएचही रात्री फार घसरत नाही. गोळा वाढला की अर्धा कापून फेका. शेवाळ काढून फेकलं तेव्हाच त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस टँकबाहेर जातो, नुसतं वाढू दिल्याने नाही. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ लावू नका, ती एखाद्या दिवशी विरघळून सगळं परत पाण्यात सोडते. आणि फिल्टर सॉक दोन-तीन दिवसांनी बदला. आठवडाभर तसाच ठेवलेला सॉक अडकलेला कचरा कुजवून नायट्रेटच तयार करतो.

व्होडका किंवा व्हिनेगर घालतात म्हणे?

घालतात, आणि उपाय शास्त्रशुद्ध आहे. कार्बन मिळाला की जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. म्हणजे चांगला स्किमर नसेल तर विषय संपला. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर पुरतं, मात्र त्यात रंग-चव नको. अगदी थोड्यापासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचं. पाणी दुधाळ झालं की लगेच थांबा: जिवाणूंनी ऑक्सिजन ओढलेला असतो, आणि नेमकी तेव्हा लाइट गेली तर मासे वरती येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. इन्व्हर्टर नसलेल्या घरात मी हा मार्ग सुचवत नाही.

केसाळ शेवाळ हाताने उपटावं की त्याने आणखी पसरतं?

उपटा, पण पाण्यात सोडू नका. हवेच्या पंपाच्या नळीपेक्षा जाड नळीला जुना टूथब्रश रबर बँडने बांधा, ब्रशचे केस नळीच्या तोंडाला लागून. वॉटर चेंजच्या वेळी सायफन सुरू करून दगड घासा, निघालेला केस न केस थेट बादलीत जातो. सुटा दगड असेल तर टँकच्या पाण्याच्या बादलीत काढूनच घासा. हट्टी डागांवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येतं, ३ टक्क्यांचं. आपल्याकडे मेडिकलमध्ये बऱ्याचदा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच आरओचं पाणी मिसळा. दगड बाहेर काढून ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्याने धुवा आणि मग आत ठेवा. कोरलला लागू देऊ नका. क्लीनर श्रिम्प (कोळंबी) असलेल्या टँकमध्ये पेरॉक्साइड थेट ओतणं नकोच.

व्हॅलोनियाचे फुगे बुडासकट, न फोडता काढा.

गोगलगायी आणि शेवाळ खाणारे मासे किती ठेवू?

दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. ट्रोकस गोगलगाय माझी पहिली पसंती: उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. टर्बो जास्त खाते पण कोरलचे तुकडे पाडते. वाळूसाठी नासारियस गोगलगाय, फुग्यांसाठी एमराल्ड खेकडा, छोट्या केसांसाठी टक्सिडो अर्चिन (काटेरी समुद्री जीव) किंवा लॉनमोअर ब्लेनी मासा. टँग मासा ४०० लिटरच्या खाली ठेवू नका, शेवाळ खातो म्हणून तर अजिबातच नाही. बोटाएवढे वाढलेले केस यांतलं कोणीच खात नाही. आधी तुम्ही कापायचे, मग त्यांनी राखायचे.

मुंबईहून, कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून जीव आणत असाल तर त्यांच्या टाकीत कॉपर आहे का हे विचारा आणि पिशवीतलं पाणी आपल्या टँकमध्ये ओतू नका. माशांना चालणारं कॉपर गोगलगायींना मारतं.

लाइट किती तास?

आठ ते नऊ तास, टायमरवर. पांढरा आणि लाल चॅनेल कमी, निळा जास्त. खिडकीतून उतरतं ऊन टँकवर पडत असेल तर आधी पडदा लावा. पण लाइट कमी करणं म्हणजे उपाय नव्हे, ती फक्त उसंत आहे.

डायनो आहेत हे पक्कं झालं. आता?

सवयीने करता ते सगळं उलटं करायचं. वॉटर चेंज थांबवा, जीएफओ काढा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणून रोज मोजून तिथेच धरा. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराचे, एका जागी दोरीने बांधल्यासारखे गोल फिरणारे दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस. ते रात्री पाण्यात सुटतात, म्हणून यूव्ही स्टरिलायझर (अतिनील किरणांनी पाण्यातले जीव मारणारं यंत्र) आणि तीन दिवसांचा पूर्ण अंधार यांचा त्यांच्यावर चांगला उपयोग होतो. अंधारात हवेचा पंप चालू ठेवा. हे विषारी असतात, गोगलगायी मरायला लागल्या तर तेच कारण असू शकतं, आणि टँकमध्ये हात घालताना हातमोजे घाला. लंबगोल, मनसोक्त भटकणारे आणि वाळूतच राहणारे असतील तर अ‍ॅम्फिडिनियम. ते वाळू सोडत नाहीत, त्यामुळे यूव्हीचा उपयोग नाही. तिथे मोजून सिलिकेट घालून मुद्दाम डायटम वाढवतात, म्हणजे ते डायनोंची जागा घेतात. दोन्ही प्रकारांत एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधला लाइव्ह रॉकचा (जीव वसलेल्या दगडाचा) तुकडा मागून आणा. त्यावरचे जीव विकत मिळत नाहीत.

शेवाळावर औषध आहे का?

ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालतं, साधारण ५ मिलिग्रॅम प्रति लिटर, एकदाच. फिल्टरमधला कार्बन (औषध शोषणारा कोळसा) काढून ठेवायचा, स्किमरचा कप बाजूला करून तो नुसता हवेसाठी चालवायचा आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. सायनो किंवा फुग्यांवर ते काही करत नाही. सायनोवर अँटिबायोटिक चालतं, पण ऑक्सिजन खाली जातो, चांगले जिवाणूही दुखावतात आणि कारण तसंच असेल तर महिन्याभरात चादर परत येते. आधी पाण्याचा प्रवाह वाढवा, साचलेला कचरा ओढून काढा. निम्मे सायनो तिथेच जातात.

एप्रिल-मेमध्येच सगळं का बिघडतं?

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, कुजणं वाढतं. पारा चाळीसला टेकला की टँक ३० अंशांवर जातो, असायला पाहिजे २५-२६. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात, टॉप-अप तेवढा वाढतो. दमट पावसाळ्यात हीच युक्ती फिकी पडते. लाइट जाते त्यासाठी इन्व्हर्टरवर सगळ्यांत आधी वेवमेकर (पाणी फिरवणारा पंप) घ्या, त्याला वीज फार लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र हीटर लागतोच.

आठ दिवस गावाला जातोय, शेजारी खाणं घालतील. काही सांगून ठेवू?

डबा त्यांच्या हाती देऊ नका. औषधांच्या गोळ्यांची सात खणांची डबी मिळते, त्यात एकेका दिवसाचं खाणं मोजून भरा, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नका असं सांगा. मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात.

काढलेलं खारं पाणी आणि शेवाळ कुठे टाकायचं?

पाणी संडासात किंवा मोरीत. कुंड्यांना घालू नका, मीठ मातीत साठतं आणि झाडं जळतात. शेवाळ नळाखाली गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, मग ओल्या कचऱ्यात. नदीत किंवा नाल्यात काही सोडू नका, टँकमधली गोगलगाय किंवा मासा तर नाहीच. ठेवायचं नसेल तर दुसऱ्या टँकवाल्याला द्या, घेणारा मिळतो.